पडद्यावरच्या माणसांची ओळख लिहिणाऱ्यांना

मराठी विकिपीडियावर चित्रपटांचे लेख लिहिणाऱ्या आणि तपासणाऱ्या सर्व सदस्यांना,



१ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. तेव्हापासून तुम्ही हे काम पगाराविना करत आहात, आणि मराठीत एवढा मोठा खुला ज्ञानकोश उभा आहे तो त्याच कामावर. हे मनापासून मान्य करूनच मी हे पत्र लिहितो आहे. मला बोलायचं आहे ते चित्रपटांतल्या पात्रांविषयी. ‘कलाकार’ या मथळ्याखाली नटाच्या नावापुढे रेघ मारून जे चार शब्द लिहिले जातात त्यांच्याविषयी, आणि ‘कथानक’ या मथळ्याखाली त्या पात्राने काय केलं म्हणून जी क्रियापदं वापरली जातात त्यांच्याविषयी.

कुणी म्हणेल, चार शब्दांचं एवढं काय? पण मोबाइलवर सिनेमाचं नाव टाकलं की बहुतेक लोक तेवढंच वाचतात. तुमचा मजकूर श्रेय देऊन कुणालाही वापरता येतो, हा तुमच्या परवान्याचा मोठेपणा आहे. त्यामुळे तेच चार शब्द पुढे विद्यार्थ्याच्या प्रकल्पात जातात, वर्तमानपत्राच्या पुरवणीत जातात, आता तर प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या संगणकांच्या तोंडीही जातात. सिनेमा दोन-अडीच तासांचा असतो आणि तो न पाहिलेल्या माणसाच्या मनात राहतात ते तुमचे चार शब्द.

सुरुवात ‘जोगवा’पासून करतो, कारण तो आमच्या कोल्हापूरच्या मुलखातला आहे. २००९ सालचा राजीव पाटील यांचा चित्रपट. त्याच्यामागे आमच्याच जिल्ह्यातले राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या. उपेंद्र लिमये यांना ज्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो तायप्पा. तायप्पाची ओळख लोक पटकन ‘तृतीयपंथी’ अशी करून देतात. बोलताना देतात, लिहितानाही देतात. तृतीयपंथी असण्यात कमीपणा काही नाही. पण तायप्पाची गोष्ट ती नाही. तो यल्लम्माला सोडलेला पुरुष आहे. त्याला लुगडं नेसवलं जातं, जोगता म्हणून जगायला लावलं जातं, आणि आपण पुरुष आहोत हे तो आतून विसरू शकत नाही. देवीलाच सोडलेल्या सुलीवर त्याचा जीव जडतो, आणि अख्खा चित्रपट त्या ओढीवर उभा आहे. ओळखीच्या ओळीत ‘तृतीयपंथी’ लिहिलं की ती ओढच नाहीशी होते. वाचकाला कळेनासं होतं की या माणसावर जबरदस्ती कसली झाली आणि त्याने बंड कशाविरुद्ध केलं. शिवाय दोन वेगवेगळ्या समूहांवर एकाच वेळी अन्याय होतो. जोगत्यांचं दुःख पुसलं जातं, आणि तृतीयपंथीयांविषयीचा ‘लुगडं नेसलेला बाप्या’ हा जुना गैरसमज घट्ट होतो.

इथे लिहिण्यासारखं काय आहे? ‘तायप्पा — देवीला सोडलेला आणि जोगता म्हणून स्त्रीवेशात राहायला भाग पाडलेला तरुण.’ चाराचे दहा शब्द झाले. ज्ञानकोशाला कागदाची टंचाई नाही. होऊ द्यावेत.

मी शिरोलीच्या एका फौंड्रीत तपासणी विभागात काम करतो. महामार्गाला लागून पसरलेल्या आमच्या वसाहतीतून रोज गाड्याच्या गाड्या भरून कास्टिंग बाहेर पडतात, आणि प्रत्येक नाकारलेल्या कास्टिंगमागे कुणाचं तरी लेखी कारण असतं. त्या कागदावर ‘माल खराब’ असं लिहिलेलं चालत नाही. ब्लो होल आहे, की वाळू अडकली आहे, की साच्याचे दोन अर्धे सरकले आहेत. कुठल्या बाजूला, केवढं, ते लिहावं लागतं. कारण ‘खराब’ हा निकाल आहे आणि ‘वरच्या बाजूला ब्लो होल’ ही नोंद आहे. नोंदीवरून मोल्डिंगवाला काहीतरी शोधू शकतो, निकालावरून नुसतं भांडण होतं. पात्रांच्या वर्णनात मला हाच फरक हवा आहे. ‘दुष्ट’, ‘भोळा’, ‘वेडसर’, ‘चारित्र्यहीन’, ‘बंडखोर’ हे सगळे निकाल आहेत. ते देण्याचा अधिकार समीक्षकाला आहे, प्रेक्षकाला आहे. ज्ञानकोशाने ते सांगायचेच असतील तर कुणी दिले ते नाव घेऊन सांगावेत. स्वतःच्या आवाजात त्याने फक्त नोंद करावी.

‘कोर्ट’ आठवा. चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ सालचा चित्रपट, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला. गटारात उतरून काम करणारा वासुदेव पवार मेनहोलमध्ये मृत्युमुखी पडतो. पोलीस म्हणतात, ती आत्महत्या आहे, आणि लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे तो तिला प्रवृत्त झाला. यावर खटला उभा राहतो. आता या दोन माणसांची ओळख कशी लिहायची? ‘वासुदेव पवार — आत्महत्या करणारा सफाई कामगार’ असं लिहिलं, तर ज्ञानकोशाने सरकारी पक्षाचं म्हणणं खरं मानून टाकलं. चित्रपटात त्याची विधवा साक्षीला येते, तेव्हा कळतं की त्याला सुरक्षेचं कसलंही साधन मिळत नव्हतं, दारू पिऊन तो खाली उतरायचा कारण त्याशिवाय वास सहन होत नव्हता, आत विषारी वायू आहे का हे त्याला झुरळं बाहेर येतात का यावरून ठरवावं लागायचं. हे सगळं ऐकल्यावर ‘आत्महत्या’ या शब्दाभोवती प्रश्नचिन्ह उभं करणं हेच त्या चित्रपटाचं काम आहे. आणि नारायण कांबळे? ते आरोपी आहेत. चित्रपट संपतो तेव्हाही ते आरोपीच आहेत. निकाल लागलेलाच नाही, न्यायालय सुट्टीवर गेलेलं आहे. त्यांना ‘दोषी’ म्हणणं चूक, आणि आपल्याला कितीही वाटलं तरी ‘निर्दोष सुटलेले’ म्हणणंही चूक.

हे उदाहरण मी लांबवतो आहे त्याला कारण आहे. औद्योगिक वसाहतीत राहणाऱ्या माणसाला कामगाराच्या मृत्यूची नोंद कशी लिहिली जाते याचं मोल माहीत असतं. ‘निष्काळजीपणामुळे मृत्यू’ आणि ‘सुरक्षा-साधन नसताना मृत्यू’ या दोन वाक्यांत एका कुटुंबाचं पुढचं आयुष्य मावतं. पडद्यावरचा वासुदेव पवार काल्पनिक आहे. पण त्याच्यासारखे खरे आहेत आणि त्याची ओळख वाचणारा वाचक त्यांच्याकडे त्याच नजरेने पाहणार आहे. म्हणून ‘वासुदेव पवार — मेनहोलमध्ये मृतावस्थेत सापडलेला सफाई कामगार’ एवढं लिहा. आत्महत्येचा दावा कथानकात येऊ द्या, आणि तो कुणाचा दावा आहे हे त्याच वाक्यात येऊ द्या.

कोण म्हणतं, हा प्रश्न फार थोड्या लेखांत विचारलेला दिसतो. चित्रपटात एक पात्र दुसऱ्याविषयी बोलतं. ते खोटं बोलत असेल, रागाने बोलत असेल, त्याला अर्धंच माहीत असेल. ‘उंबरठा’मधली सुलभा महाजन महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून नोकरीला जाते. ‘घर सोडून जाते’ हे तिच्या सासरच्यांचं वाक्य झालं. चित्रपट दाखवतो तो क्रम असा: ती नोकरीसाठी परगावी जाते, आश्रमातल्या मुलींसाठी झगडते, राजीनामा देऊन परत येते, नवऱ्याचे दुसऱ्या स्त्रीशी संबंध आहेत हे तिला कळतं, आणि मग ती घर सोडते. जाण्याच्या दोन वेळा आहेत आणि दोन्हींची कारणं वेगळी. १९८२ साली स्मिता पाटील यांनी उभी केलेली ती बाई ‘करिअरसाठी कुटुंब सोडणारी स्त्री’ या ओळीत बसवली, की दुसरं जाणं पहिल्यात विरघळून जातं आणि दोष कुणाचा याचा निकाल वाचकाच्या नकळत लागून जातो.

‘सिंहासन’चा शेवटही असाच. दिगू टिपणीस हा पत्रकार सत्तेचा सगळा खेळ जवळून पाहतो आणि शेवटी रस्त्यावर हसत सुटतो. ‘दिगूला वेड लागतं’ हे वाक्य मी बऱ्याच जणांकडून ऐकलं आहे. ते हसणं वेडाचं आहे, असह्य झाल्याचं आहे, की दुसरं काही, यावर माणसं चाळीस वर्षांहून अधिक काळ बोलत आली आहेत, आणि बोलत राहावीत. लेखात ‘हसत सुटतो’ एवढंच राहिलं तर ती चर्चा जिवंत राहते.

दिगूचं नाव निघालं म्हणून निळू फुले यांच्याविषयी थोडं सांगतो. ‘एक गाव बारा भानगडी’तले झेलेअण्णा, ‘सामना’तला हिंदुराव धोंडे पाटील, ‘सिंहासन’मधला दिगू टिपणीस: एकाच नटाने केलेली ही तीन माणसं तीन दिशांची आहेत. पण निळूभाऊ म्हणजे खलनायक ही प्रतिमा इतकी रुजली आहे की त्यांच्या नावापुढे लिहिणाऱ्याचा हात आपोआप त्या शब्दाकडे वळतो. हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याच्या जोरावर गावाचा धनी झालेला माणूस. मास्तरला तो स्वतःच्या घरी आसरा देतो, त्याच्याशी गप्पा मारतो, आपल्या कारभाराचा अभिमान बाळगतो. आणि मारुती कांबळेचं काय झालं, या मास्तरच्या प्रश्नाने हळूहळू पोखरला जातो. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला हा सामना ‘खलनायक’ आणि ‘नायक’ या दोन खुणांनी सांगता येत नाही. मास्तरलाही नुसतं ‘दारुडा’ म्हणता येत नाही. तो स्वातंत्र्याच्या लढ्यातून आलेला, ढासळलेला, तरीही प्रश्न विचारणारा माणूस आहे. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात हा चित्रपट स्पर्धेत होता. परक्या देशातल्या प्रेक्षकाला निळू फुले ठाऊक नव्हते. त्याने जसा हिंदुराव पाहिला, तसा पाहून लिहावं.

चुकीच्या शब्दाइतकंच नुकसान गाळलेल्या शब्दाने होतं. ‘सैराट’मधली आर्ची घ्या. ‘श्रीमंत पाटलाची मुलगी, परशाची प्रेयसी’ ही ओळख चूक नाही. पण ट्रॅक्टर चालवत येणारी आर्ची तिच्यात नाही, आणि उत्तरार्धातली आर्ची तर मुळीच नाही. हैदराबादमध्ये ती बाटल्या भरण्याच्या कारखान्यात कामाला लागते, तेलुगू शिकते, पगार घरी आणते. आमच्या वसाहतीत बिहार-ओडिशाहून आलेली मुलं अशीच मशीनवर उभी राहून मराठी शिकतात, त्यामुळे आम्हाला चित्रपटाचा तो भाग सर्वांत ओळखीचा वाटतो. पाटलाची लेक कामगार होते, हे त्या पात्राच्या आयुष्यातलं मोठं वळण. ते ओळखीच्या ओळीत का नसावं? आणि परशाची जात लिहिताना तर फारच जपा. त्याचे वडील मासे धरतात हे चित्रपट दाखवतो. चित्रपटात त्याच्या जातीविषयी कोण, कुठल्या प्रसंगात, काय बोलतं ते पाहून तेवढंच लिहावं. बातम्यांमधून आलेला सोयीचा शब्द उचलून चिकटवू नये. त्याच दिग्दर्शकाच्या ‘फँड्री’त जब्या आणि त्याचं कुटुंब कैकाडी आहे हे कथेच्या केंद्रस्थानी आहे, तिथे ‘गरीब मुलगा’ असं मोघम लिहिणं ही तितकीच मोठी चूक. जात कुठे नेमकी लिहायची आणि कुठे थांबायचं, हे चित्रपटच सांगतो.

तीच गोष्ट धंद्यांची. भालजी पेंढारकरांच्या १९६५ सालच्या ‘साधी माणसं’मध्ये सूर्यकांत आणि जयश्री गडकर लोहार जोडपं आहेत. भाता, ऐरण, घण असलेलं ते गाणं महाराष्ट्रात कुणाला माहीत नाही? तरी ‘गरीब कष्टकरी जोडपं’ असं लिहिलं जाऊ शकतं, आणि अजून पुढे जाऊन कुणी ‘लोखंडाच्या कारखान्यातला मजूर’ असंही लिहील. लोहार लोखंड तापवून घणाने घडवतो. फौंड्रीतला माणूस ते वितळवून साच्यात ओततो. या दोघांच्या हातांवरच्या खुणासुद्धा वेगळ्या असतात. लोहाराची भट्टी त्याच्या दारात असते, त्याची बायको भात्यावर बसते, घर आणि काम एकाच छपराखाली चालतं. ते छप्पर सुटल्यावर माणसाचं काय होतं हे पाहायचं तर आधी तो लोहार आहे हे माहीत असायला हवं. कोल्हापूरच्या सिनेमाला धंद्यांचं भान पहिल्यापासून होतं. १९२५ सालच्या ‘सावकारी पाश’मध्ये बाबूराव पेंटरांनी जमीन गमावलेला शेतकरी गिरणीत कामाला जाताना दाखवला, आणि ती भूमिका केली तरुण शांतारामबापूंनी. ज्या बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने स्वतःच्या हातांनी कॅमेरा बनवला, त्यांच्या चित्रपटातल्या माणसाचं काम मोघम शब्दांत सांगू नये.

जुन्या मूक चित्रपटांची अडचण वेगळी आहे. ते पाहून लिहावं म्हटलं तर बहुतेक पाहायलाच मिळत नाहीत. आगी लागल्या, फिती कुजल्या. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत भालजींचा स्टुडिओही जळाला. अशा चित्रपटांतल्या पात्रांची माहिती त्या वेळच्या पुस्तिका, जाहिराती, परीक्षणं आणि आठवणींमधूनच येते. मग तसं लिहावं: अमुक पुस्तिकेनुसार, अमुक यांच्या आत्मचरित्रानुसार. बाबूराव पेंटरांच्या ‘सैरंध्री’तला कीचकवध प्रेक्षकांना भयंकर वाटला, हे त्या काळच्या लोकांच्या बोलण्यावरून आपल्याला माहीत आहे. तो लिहिणाऱ्याने डोळ्यांनी पाहिल्यासारखा रंगवला, तर पुढचा अभ्यासक फसतो.

खऱ्या माणसांवरच्या चित्रपटांबाबत एकच विनंती. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’तले फाळके जे करतात ते दादासाहेब फाळक्यांनी केलंच असेल असं धरून चालू नका. पात्राचा प्रसंग पात्राच्या नावावर राहू द्या आणि चरित्राच्या लेखात तो नेऊ नका. मराठीत ऐतिहासिक चित्रपट एवढे निघतात की संवादलेखकाची कल्पना दहा वर्षांत इतिहास होऊन बसते.

तुमच्यापैकी काहींचा आक्षेप मला ऐकू येतो: एवढं सगळं सांभाळलं तर लेख कोरडे होतील, आणि लिहिणारी माणसं आधीच मोजकी. कोरडेपणाची भीती मला वाटत नाही. ‘धाडसी तरुणी’ यापेक्षा ‘ट्रॅक्टर चालवत येते’ हे वाक्य अधिक ओलं आहे. विशेषण काढलं की त्या जागी कृती लिहावी लागते, आणि कृती लिहायची तर चित्रपट पुन्हा पाहावा लागतो. लांबीचं म्हणाल, तर इंग्रजी विकिपीडियावर कथानक साधारण ४०० ते ७०० शब्दांत बसवण्याचा संकेत आहे. मराठीत तेवढा ऐवज असलेले चित्रपट-लेख फार थोडे; कितीतरी ठिकाणी नटांची यादी आहे आणि कथानकाचा मथळा रिकामा आहे. रिकामा मथळा मला चुकीच्या ओळीपेक्षा बरा वाटतो, पण तो भरलेला पाहायला अधिक आवडेल. माणसं मोजकी आहेत हे मात्र खरं आहे, आणि त्यावर मला एकच उपाय दिसतो. चर्चा पानावर प्रश्न टाका. ‘या चित्रपटातला नायक नेमकं काय काम करतो?’ एवढा साधा प्रश्न असला तरी चालेल. जोगत्यांच्या प्रथेविषयी गडहिंग्लज-गारगोटीकडची माणसं सांगतील, तमाशाच्या फडाविषयी फडातली सांगतील, भट्टीविषयी आमच्याकडची सांगतील. यातल्या बहुतेकांना संपादन कसं करायचं ते येत नाही, पण वर्णनातली चूक ते एका नजरेत ओळखतात. त्यांनी चूक दाखवली आणि त्यांच्याकडे छापील संदर्भ नसला, तर लगेच हुसकावून लावू नका. चित्रपट हाच कथानकाचा आधार असतो. तो प्रसंग कितव्या मिनिटाला आहे ते विचारा आणि जाऊन पाहा.

‘जोगवा’, ‘कोर्ट’ आणि ‘साधी माणसं’ या तीन लेखांच्या चर्चा पानांवर मी माझ्या नोंदी प्रसंगवार लिहून ठेवतो आहे. त्या तपासाव्यात, जिथे मी चित्रपटापलीकडे गेलो असेन तिथे खोडाव्यात, आणि जिथे पटेल तिथे लेखातली ओळ बदलावी. बदलताना सारांशाच्या चौकटीत कारण लिहायला विसरू नका. पुढच्या माणसाला ते लागेल.

आपला,
फौंड्रीतला एक तपासनीस आणि मराठी चित्रपटांचा प्रेक्षक
शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर